सुरकुतलेल्या पानाची चिठ्ठी

माझी नोकरी शब्द पाडायची होती. हसू नका. टांकसाळीत नाणी पाडतात तसे आम्ही शब्द पाडत होतो आणि महिनाअखेरीला किती पाडले त्याचा तक्ता वर पाठवत होतो. त्यातला एकही तुमच्यापैकी कोणी तोंडात घेत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. घरी माझी बायकोसुद्धा घेत नसे. एकदा मी मोठ्या ऐटीत तिला म्हटलं, "जरा ज्वालक पेटव." ती म्हणाली, "स्टो म्हणा, नाहीतर चहा मिळायचा नाही." मी स्टो म्हटलं.

स्वातंत्र्य येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नागपूर तेव्हा दोन भाषांच्या राज्याची राजधानी. कारभार इंग्रजीतून उचलून हिंदी-मराठीत आणायचा असा हुकूम सुटला आणि हुकमापाठोपाठ ओरड सुटली की शब्द कुठे आहेत? म्हणून सरकारी अनुदानावर आमची कोशकचेरी निघाली. तिचं नाव सांगत नाही. ती आता नाही, आणि मेलेल्याचे वाभाडे काढण्यात मजा नाही. सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्याच्या मागच्या अंगाला तीन खोल्या, सात टेबलं आणि दारांना वाळ्याचे पडदे. पडद्यांवर पाणी मारणारा चपराशी नेहमी उशिरा येई, त्यामुळे उन्हाळ्यात आमच्या चिठ्ठ्या पापडासारख्या वाकायच्या.

चिठ्ठ्या म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. एका इंग्रजी शब्दासाठी एक जाड कागदाची चिठ्ठी. वर तो शब्द, खाली त्याचं मूळ, त्याखाली तो कुठल्या कुठल्या शास्त्रात कसा वापरतात ते, आणि सगळ्यात खाली आम्ही ठरवलेला मराठी शब्द. कोपऱ्यात करणाऱ्याची सही. ही चिठ्ठी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागे ती सुलट पेटी. त्याच मजकुराची दुसरी चिठ्ठी मराठी शब्दाच्या क्रमाने लागे ती उलट पेटी. उलट पेटीचं काम एवढंच, की एक मराठी शब्द एकदाच खर्ची पडावा. आमचा लोखंडी नियम होता: एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द, आणि तो दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. नवा शब्द सुचला की उलट पेटीत पाहायचं. तिथे चिठ्ठी असली तर शब्द लागलेला. नसली तर मोकळा.

उलट पेटी माझ्या ताब्यात होती. आणि आता थोडी फुशारकी ऐका, कारण पुढे फुशारकीला जागा नाही. पेटीतून कुणी चिठ्ठी काढली तर तिच्या जागी स्वतःच्या सहीची लाल चिठ्ठी ठेवायची, हा नियम मी काढला. त्याआधी लोक चिठ्ठ्या काढून घेऊन जात आणि शब्द हरवत. मी लाल चिठ्ठी आणली आणि शब्द हरवणं बंद झालं. कुणी विसरलं की मी सगळ्यांसमोर त्याची हजेरी घ्यायचो. "घरी जेवायला बसताना पाट मांडता की नाही? मग इथे काहून विसरता?" मला लोक मागून 'लालशास्त्री' म्हणत. मला ते आवडायचं.

आमचे मुख्य संपादक संस्कृतचे गाढे पंडित. आम्ही त्यांना अण्णासाहेब म्हणत असू. त्यांचं म्हणणं असं, की बाजारातला शब्द शास्त्राला चालत नाही. शब्द धातूपासून निघाला पाहिजे, त्याला उपसर्ग लागला पाहिजे, प्रत्यय लागला पाहिजे. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याने कधी बाजारात जाऊन भाजी घेतली नव्हती.

गिऱ्हाइकंही येत. सीताबर्डीवरचा एक लॉन्ड्रीवाला आला. त्याला पाटीवर लिहायचं होतं, की आमच्याकडे धुतलेल्या कपड्याला चुण्या राहत नाहीत. "एक भारी शब्द द्या साहेब, गिऱ्हाइक वाचून थांबलं पाहिजे." अण्णासाहेबांनी नऊ दिवस घेतले आणि 'निर्वलीक' हा शब्द दिला. लॉन्ड्रीवाल्याने कागद उलटा-सुलटा करून पाहिला, घडी करून खिशात टाकला. पुढल्या आठवड्यात मी मुद्दाम पाटी पाहायला गेलो. पाटीवर होतं: 'एक सळ दाखवा, पैसे परत.' गिऱ्हाइक थांबत होतं.

दुसरा आला महाल भागातला एक ठेकेदार. सरकारी शाळेवर टिना टाकायचा ठेका त्याला मिळालेला आणि निविदा मराठीत भरायची. आपल्याकडे घरावर टाकतात त्या नालीच्या टिना; नुसत्या टिना म्हटलं तर शेंबडं पोरही जाणतं. आम्ही त्याला 'ऊर्मिपत्र' दिलं; ऊर्मी म्हणजे लाट, पत्र म्हणजे पत्रा. महिन्याभराने तो आरडत आला. "पंडितजी, तुमच्या पत्रापायी माझी निविदा टपालखात्याकडे जाऊन राहिली!" आम्ही हसलो. त्याचं काम गेलं होतं, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही. हसण्याची सवय वाईट.

ह्या नालीच्या टिनेचा इंग्रजी शब्द 'कॉरुगेटेड' आणि ज्या शब्दासाठी मी हे सगळं लिहायला बसलो तो शब्द, दोन्ही एकाच बुंध्याचे. लॅटिनमध्ये 'रुगा' म्हणजे सुरकुती. तिच्यावरून 'रुगोज': सुरकुत्यांनी भरलेला. म्हाताऱ्याच्या गालाला इंग्रज हा शब्द लावत नाही, त्याला त्याच्याकडे साधे घरगुती शब्द आहेत. रुगोज हा शास्त्राच्या कोटातला शब्द. पानाच्या शिरा आत दबलेल्या आणि मधला भाग वर फुगलेला असला की वनस्पतीवाले त्या पानाला रुगोज म्हणतात. एका गुलाबाचं शास्त्रीय नावच त्याच्या सुरकुतलेल्या पानांवरून पडलं. ढालकिड्याच्या पाठीला प्राणिवाले रुगोज म्हणतात. समुद्रातल्या पोवळ्यांची एक जुनी, केव्हाच नाहीशी झालेली जात आहे, तिलाही हेच विशेषण. आणि आपल्या पोटाच्या पिशवीला आतून ज्या वळ्या असतात त्यांना डॉक्टर आजही लॅटिन 'रुगा'चंच अनेकवचन वापरतात. जेवलं की त्या उलगडतात, उपाशी राहिलं की पुन्हा आवळतात. एका शब्दाचा एवढा संसार. चिठ्ठी लिहिताना मला अशा शब्दांचा फार लोभ सुटायचा.

ती चिठ्ठी मात्र मी लिहिली नाही. शंकर पौनीकरने लिहिली.

शंकर म्हणजे आमच्या कचेरीतला एकटा विज्ञानाचा पदवीधर. बाकी आम्ही सगळे संस्कृतवाले. पान म्हटलं की आम्हाला कमळाचंच आठवायचं. तो कोष्ट्यांचा मुलगा. घरी पिढ्यान्‌पिढ्या लुगडी विणायचं काम. काळासावळा, उंच, बोलायला कमी, आणि बोलला तर घरच्या बोलीत बोलायचा. अण्णासाहेबांच्या कपाळाला त्याने आठ्या पडत, पण वनस्पतीचे शब्द त्याच्याशिवाय कुणाला जमत नव्हते. तो तात्पुरता होता. दर सहा महिन्यांनी मुदत वाढायची. पुढल्या महिन्यात त्याला कायम करायचा कागद अण्णासाहेबांच्या टेबलावर होता.

ह्या कायम होण्यावर त्याच्या घराचं काय काय टांगलं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पानांच्या विशेषणांचं काम निघालं तेव्हा तो मला म्हणाला, "वसंतराव, एक डाव माह्या घरी चला. सुरकुतीचं बाबाले विचारू." मी गेलो. दोन खोल्यांचं घर. समोरच्या खोलीत एक माग होता, आणि त्याच्या शेजारी जमिनीचा एक चौकोन वेगळ्या रंगाचा. तिथे दुसरा माग होता. मागावर बसून पाय सोडायला जमिनीत खड्डा असतो. पोराला कचेरीत नोकरी लागली, घरी लिहायला टेबल पाहिजे, म्हणून बापाने माग उचलून विकला होता आणि खड्डा माती भरून बुजवला होता. त्या बुजवलेल्या खड्ड्यावर शंकरचं टेबल. टेबलावर वनस्पतिशास्त्राची पुस्तकं.

बापाचं नाव गोविंदा. मला बसायला घोंगडी टाकली, गुळाचा चहा दिला. शंकरने त्याच्यासमोर दोन डहाळ्या ठेवल्या. एक पुदिन्याची, एक कंपाउंडच्या कडेच्या घाणेरीची. म्हातारा पान बोटांत धरून चोळून पाहत होता, कापड पाहावं तसा.

"हा सळ नाही, मास्तर," तो म्हणाला. "सळ वेगळा अन् सुरकुती वेगळी. सळ घडीनं पडते, इस्त्रीनं जाते. सुरकुती ताण्यातच राह्यते. एक धागा आखडला अन् बाजूचा ढिला राह्यला, का कापड मंधात फुगते अन् सुरकुतते. मंग तुमी धुवा, कुटा, काहीबी करा. जनमभर तसंच."

पुस्तकात तेच होतं. शिरा आखडतात, मधला भाग वाढत राहतो, म्हणून पान रुगोज होतं. चार भाषांचे कोश चाळून मला जे कळलं ते ह्या माणसाने पान चोळून सांगितलं.

निघताना गोविंदाने मला दारात थांबवलं. शंकर पुढे गेला होता. "मास्तर, एक विचारू? माहा पोट्टा कामात खरा हाय ना? आमच्यात एक डाव सुतात खोट निघाली का सात पिढ्या नाव जाते. म्हनून विचारलं."

"सोळा आणे खरा," मी म्हटलं. म्हाताऱ्याचं तोंड असं फुललं, की त्या क्षणी मला उगाच स्वतःचाच अभिमान वाटला.

सोमवारी बैठक झाली. शंकरने रुगोजची चिठ्ठी वाचली. मूळ, उपयोग, आणि शेवटी शब्द: सुरकुतलेला. सोबत डहाळ्याही आणल्या होत्या.

अण्णासाहेब म्हणाले, "हा काय शब्द झाला? हा बायकांच्या तोंडचा शब्द."

"बायका बरोबर बोलतात, साहेब," शंकर म्हणाला.

"ह्याचं नाम करून दाखवा."

"सुरकुती."

"क्रियापद?"

"सुरकुतणे."

"हं. पण प्रतिष्ठा? शास्त्राच्या पुस्तकात 'सुरकुतलेला' वाचून विद्यार्थी हसतील. 'वलित' घ्या. वलि म्हणजे वळी, सुरकुती. संस्कृतात आहे. मोकळा आहे का ते पाहा."

शंकर माझ्या टेबलापाशी आला, उलट पेटीचा 'व'चा खण उघडला, दोन वेळा चिठ्ठ्या चाळल्या. मग हळूच मला म्हणाला, "वसंतराव, वलित आपण आधी कोणाले तरी देल्ला होता ना? ताडाच्या पानाले? पंख्यासारखं घडीचं पान राह्यते, त्या शब्दाले?"

आता माझं उत्तर ऐका. ते मला शब्दन्‌शब्द आठवतं, कारण त्यानंतर ते मी रोज ऐकत आलो.

"पेटीत चिठ्ठी आहे का?"

"नाही."

"लाल चिठ्ठी आहे का?"

"तेबी नाही."

"मग? पेटीपेक्षा तुझी आठवण मोठी का?"

सुलट पेटीत पाहून खात्री करता आली असती, पण ताडाच्या पानाच्या इंग्रजी शब्दाचा खण जुळणीसाठी छापखान्यात गेला होता. तो परत गेला आणि म्हणाला, "मोकळा आहे, साहेब." आणि चिठ्ठीवर 'वलित' लिहून त्याने खाली सही केली. स्वतःला न पटलेल्या शब्दाखाली.

चिठ्ठी कुठे होती? ऐका. त्याच्या दोन आठवडे आधी कचेरी पाहायला एक बडे पाहुणे आले होते. अण्णासाहेबांनी आतून हाक मारली, "वसंतराव, चांगले चांगले शब्द घेऊन या!" मी उलट पेटीतून मूठभर चिठ्ठ्या उपसल्या आणि धावलो. लाल चिठ्ठ्या ठेवल्या नाहीत. पाहुणे खोळंबले होते ना! नंतर सगळ्या चिठ्ठ्या जागच्या जागी लावल्या, असं मला वाटलं. एक राहिली. ती मी कोशात खूण म्हणून घातली होती. कोशकाराने पेटीतली चिठ्ठी पुस्तकात खूण म्हणून घालायची! वाण्याने तराजूचं माप दाराला टेकण म्हणून लावावं, त्यातला प्रकार.

वनस्पतींचा पहिला भाग छापायला गेला, छापूनही झाला. बांधणी व्हायची होती. छापलेली पानं मतासाठी कॉलेजातल्या एका प्राध्यापकाकडे गेली होती.

एका सकाळी मी तो कोश उघडला आणि चिठ्ठी हातात आली. वलित. ताडाच्या पानाचा. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी उठलो, 'व'चा खण उघडला, चिठ्ठी जागेवर लावली आणि खण बंद केला. सवयीने. व्यवस्थित माणूस ना मी. मला वाटलं, सुटलो.

अकरा वाजता प्राध्यापकाचं पत्र आलं. एक प्रत आम्हाला, एक वर सचिवालयात, जिथून अनुदान यायचं. पत्रात खवचट गोड भाषेत लिहिलं होतं, की घडीच्या पानाला आणि सुरकुतीच्या पानाला कोशकर्त्यांनी एकच शब्द दिला आहे. ताडाचं पान आणि पुदिन्याचं पान ज्यांना सारखं दिसतं त्यांनी वनस्पतिशास्त्राची दया करावी. अण्णासाहेबांना सगळ्यांच्या देखत दोषी म्हणून कुणीतरी धरायला पाहिजे होतं.

"रुगोजची चिठ्ठी कुणाची?"

"माझी," शंकर उभा राहिला. "साहेब, मी उलट पेटी पाह्यली होती. वलितची चिठ्ठी तिथं नव्हती."

"वसंतराव, उघडा पेटी."

मी उघडली. माझ्या हाताने 'व'चा खण ओढला. अण्णासाहेबांनी वाकून पाहिलं आणि चिठ्ठी चिमटीत धरून वर काढली. "ही काय आहे? ही नव्हती?"

शंकरने चिठ्ठी हातात घेतली. बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्या उन्हाने वाकलेल्या होत्या. ही इस्त्री केल्यासारखी सपाट होती. त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला, घरी त्याच्या बापाने पानावरून फिरवला होता तसा. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. आणि चिठ्ठी परत दिली.

मी तेव्हा बोलायचं होतं. चार शब्द पुरे होते: ती माझ्या पुस्तकात होती. मला काय झालं असतं? अण्णासाहेब रागावले असते, दोन दिवस बोलले नसते. माझी नोकरी कायमची होती, ती जात नव्हती. मुलंबाळं उपाशी मरत नव्हती. लोक आपल्या भेकडपणाला पोटाचं कारण देतात; मला तेही देता येत नाही. मी बोललो नाही, कारण मी लालशास्त्री होतो. ज्या माणसाने दहा जणांची हजेरी लाल चिठ्ठीवरून घेतली, त्यानेच ती ठेवली नाही, हे सात टेबलांसमोर सांगायची मला लाज वाटली. अहंकार होता तो, दुसरं काही नाही.

शंकरकडून लेखी खुलासा मागितला. त्याने दोन ओळी लिहिल्या: 'मी पेटी पाहिली. चिठ्ठी नव्हती.' माझ्याकडेही विचारणा आली, पेटीत चिठ्ठी होती काय? मी लिहिलं, 'पेटी उघडली तेव्हा चिठ्ठी जागेवर आढळली.' खोटं काही लिहिलं नाही, बघा. शब्दांच्या धंद्यात मुरलेला माणूस असाच लिहितो.

मुदत वाढवली नाही. जो कागद त्याच्या घरी गेला त्यात लिहिलं होतं: 'असत्य खुलासा दिल्यामुळे.' सरकारी शिक्का, अण्णासाहेबांची सही. मसुदा मी केला. मराठीतून केला. तोवर कारभार मराठीत आला होता.

शेवटचे तीन दिवस शंकर पुस्तकं न्यायला, कागद सोपवायला येत होता. काम झालं तरी व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहायचा. मी मागच्या दाराने जायचो. चौथ्या दिवशी बाक रिकामा दिसला आणि मला हायसं वाटलं. हेही लिहून टाकतो, लपवायला आता काय उरलं?

चपराशाकडून पुढे कळलं, की म्हाताऱ्या गोविंदाने टेबल काढून खड्डा पुन्हा खोदला. माग मात्र विकत मिळाला नाही. मिळाला असता तरी गिरणीच्या लुगड्यांपुढे हातमागाचं कोण घेत होतं!

मग भाषावार प्रांतरचनेत राज्यच मोडलं. राजधानी गेली, कचेऱ्या भोपाळला आणि मुंबईला वाटल्या गेल्या. आमची कोशकचेरी कुणालाच नको होती. तो वनस्पतींचा भाग शेवटपर्यंत बांधला गेला नाही. छापलेली पानं रद्दीत गेली. ज्या चुकीसाठी एका माणसाचं नाव गेलं, ती चूक प्राध्यापकाशिवाय कुणीही वाचली नाही. अण्णासाहेब गावी गेले. मी एका शाळेत संस्कृत शिकवायला लागलो. वर्गात मुलांना 'खरं बोला' शिकवणारा धडा आला की मी तो पोरांकडूनच वाचून घ्यायचो.

तीन-चार वर्षं गेली. घरी पुस्तकांना फडताळ करायचं होतं, म्हणून मी लकडगंजात एका टालीवर सागवान पाहायला गेलो. टालीत रंध्याचा भुसा, ओंडक्यांच्या राशी. एक माणूस फीत घेऊन फळ्या मोजत होता आणि खडूने त्यांच्यावर आकडे टाकत होता. मी जवळ गेलो तेव्हा त्याने वर पाहिलं. शंकर. केस कानाजवळ पांढरे झालेले.

"या, वसंतराव," तो म्हणाला. जणू काल भेटलो होतो. "बसा. चाय घेता?"

त्याने समोरच्या टपरीवरून चहा मागवला. मी ओंडक्यावर बसलो. त्याने घरची विचारपूस केली, मी शाळेचं सांगितलं. मला वाटलं, आता उठून जावं. शेवटी एकदम तोंडातून निघालं.

"शंकर, ती चिठ्ठी माझ्या पुस्तकात होती. मीच काढली होती. लाल चिठ्ठी ठेवली नव्हती मी. सकाळी मीच परत लावली."

त्याने कप खाली ठेवला. "मले मालूम हाय."

"कधीपासून?"

"पेटी उघडली तेव्हापासून. उन्हाळ्यात पेटीतली चिठ्ठी सपाट राह्यते का कधी?"

"मग बोलला का नाहीस? मला धरायचं होतंस. माझं नाव घ्यायचं होतंस!"

"माहं कोणी ऐकलं असतं का? तुमी कायमचे, मी तात्पुरता." त्याने फीत गुंडाळून ठेवली. "अन् मले वाटलं, तुमी बोलसान. तीन दिवस त्या बाकावर बसून राह्यलो. म्हटलं, वसंतराव येतीन."

माझे डोळे भरून आले. पण रडून मोकळं व्हायचा मला हक्क नव्हता, एवढं कळत होतं. मी म्हटलं, "मी आज घरी येतो. आत्ता येतो तुझ्याबरोबर. बाबांच्या पाया पडतो, त्यांना सगळं सांगतो. पोरगा खरा होता, खोटा मी होतो, असं सांगतो."

शंकरने खडू उचलला, हातातल्या फळीवर माप लिहिलं आणि फळी बाजूच्या राशीवर सरकवली.

"बाबा मागच्या पोळ्याले गेले," तो म्हणाला. "त्याईले शेवटपर्यंत वाटे, का पोट्ट्यानं खोटं लिहून देल्लं. मी लय सांगतलं. ते म्हनत, सरकारच्या शिक्क्याचा कागद खोटा कसा राहीन? सहा महिने माह्याशी बोलले नाहीत. मंग बोलाले लागले, पण ते बोलनं वेगळं होतं."

मी हातातला कप ओंडक्यावर ठेवला.

"मले कायले सांगता, वसंतराव?" त्याचा आवाज चढला नाही. "मले तर मालूमच होतं. सांगाचं होतं त्याईले."

मग त्याने फीत हातात घेतली आणि विचारलं, फडताळाच्या फळ्या पाऊण इंची पाहिजेत का एक इंची. मी म्हटलं, एक इंची.